वीज पोचली म्हणजे मोटर चालू झाली असं नाही

वाचकाचं पत्र: इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो आहे. शिफ्टचं लॉगबुक इंग्रजीत लिहावं लागतं. परवा मी 'मोटर एनर्जाइझ्ड, वर्किंग ओके' अशी नोंद केली. साहेबांनी 'एनर्जाइझ्ड'भोवती लाल गोल करून शेजारी लिहिलं, 'चार्ज्ड की स्टार्टेड?' मला तर तिन्ही शब्द एकच वाटत होते. 'आय एनर्जाइझ्ड आफ्टर टी' हे वाक्यही एका मित्राने चूक ठरवलं. स्पेलिंगमध्ये एस लिहायचा की झेड, तेही नक्की होत नाही. आता कारखान्यात नवा ट्रान्सफॉर्मर बसतो आहे आणि त्याची सूचना कामगारांसाठी मराठीत मलाच लिहायची आहे. तिथे 'एनर्जाइझ'साठी काय लिहू?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

साहेबांनी गोल अगदी बरोबर जागी केला आहे. 'एनर्जाइझ' म्हणजे एखाद्या वस्तूला किंवा माणसाला बाहेरून ऊर्जा देणं. या क्रियापदाचं काम तिथेच संपतं. ऊर्जा मिळाल्यावर ती वस्तू फिरली का, तिच्यावर लोड आला का, ती नीट चालली का, यातलं काहीही ते सांगत नाही. ते सांगायला वेगळी क्रियापदं आहेत आणि लॉगबुकात ती वेगळीच लिहावी लागतात.

तुमचीच मोटर घ्या. स्टार्टर ओढला, टर्मिनलपर्यंत सप्लाय आला, की मोटर एनर्जाइझ झाली. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, फिरू लागला की ती स्टार्ट झाली. ठरलेल्या वेगाला येऊन पंप किंवा कन्व्हेयर ओढू लागली की ती ऑन लोड रनिंग. या तीन पायऱ्यांमध्ये बिघाड कुठे असतो ते पाहा. एक फेज गेलेली असेल तर थांबलेली थ्री फेज मोटर सुरू होत नाही, नुसती घुमत राहते. तिला वीज मिळते आहे, ती एनर्जाइझ्ड आहे, आणि फिरत नसल्यामुळे नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आहे. ओव्हरलोड रिलेने (करंट जास्त झाल्यावर सप्लाय तोडणाऱ्या उपकरणाने) वेळेत ट्रिप केलं नाही तर वाइंडिंग जळतं. अशा वेळी 'मोटर एनर्जाइझ्ड बट डिड नॉट स्टार्ट' एवढी एक ओळ पुढच्या शिफ्टच्या माणसाचा अर्धा तास वाचवते. सप्लाय टर्मिनलवर आला होता हे त्याला कळतं, म्हणजे तो फेज आणि व्होल्टेज मोजण्यापासून सुरुवात करतो. तुम्ही 'मोटर नॉट वर्किंग' लिहिलंत, तर त्याला मेन स्विचपासून शोध घ्यावा लागतो.

कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या, कॉइलमध्ये हाच फरक अजून बारीक दिसतो. कॉइलच्या ए1 आणि ए2 टर्मिनलना व्होल्टेज मिळालं की कॉइल एनर्जाइझ झाली. आर्मेचर (सरकणारा लोखंडी भाग) खेचला जाऊन कॉन्टॅक्ट बसले की कॉन्टॅक्टर 'पिकअप' झाला. आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग) मानकानुसार कॉइलच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या 85 ते 110 टक्क्यांत कॉन्टॅक्टरने नीट पिकअप घेतला पाहिजे. 230 व्होल्टच्या कॉइलला 160–170 व्होल्टच मिळाले, तर कॉइल एनर्जाइझ्ड असते, पण आर्मेचर पूर्ण बसत नाही आणि कॉन्टॅक्टर खडखडत राहतो. एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाच्या) कॉइलमध्ये आर्मेचर उघडा असेपर्यंत करंट बराच जास्त असतो, त्यामुळे तसंच चालू ठेवलं की कॉइल जळते. म्हणून के1 नावाच्या कॉन्टॅक्टरसाठी 'के1 एनर्जाइझ्ड' आणि 'के1 पिक्ड अप' या दोन स्वतंत्र नोंदी आहेत.

पॅनेलच्या ड्रॉइंगवरही या शब्दाची छाया असते. नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड यातलं 'नॉर्मली' म्हणजे कॉइल डी-एनर्जाइझ्ड असताना. यंत्राच्या रोजच्या चालू स्थितीशी त्याचा संबंध नाही. नव्या माणसांचा इथे हमखास गोंधळ होतो. दिवसभर चालणाऱ्या मोटरचा एनओ (नॉर्मली ओपन) कॉन्टॅक्ट दिवसभर बंद, म्हणजे जोडलेलाच असतो, तरी ड्रॉइंगवर तो उघडाच काढतात. संरक्षणाच्या रचनांची नावंही यावरूनच पडली आहेत. इमर्जन्सी स्टॉपची साखळी 'डी-एनर्जाइझ टु ट्रिप' असते, म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबतं. ब्रेकरची शंट ट्रिप कॉइल (ब्रेकर ट्रिप करणारी कॉइल) मात्र 'एनर्जाइझ टु ट्रिप' असते. तिचा कंट्रोल सप्लाय गेला तर ब्रेकर ट्रिपच होणार नाही, म्हणून त्या सप्लायवर आणि ट्रिप सर्किटवर वेगळी नजर ठेवावी लागते. ही दोन नावं उलटसुलट लिहिली गेली तर संरक्षणाचा अर्थच उलटतो.

आता 'चार्ज'. आपल्याकडे सबस्टेशनपासून वायरमनपर्यंत सगळे 'लाइन चार्ज केली', 'ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला' असंच म्हणतात. भारतात हे सर्वांना समजतं, बोलताना ते चूक नाही. लिहिताना मात्र अडचण येते, कारण 'चार्ज'चा मूळ अर्थ भरणं. बॅटरी आणि कपॅसिटर चार्ज होतात कारण त्यांत ऊर्जा साठते. एअर कंडिशनरमध्ये गॅस चार्ज करतात. आणि तुमच्या व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) पॅनेलकडे बघा: 'स्प्रिंग चार्ज्ड' अशी खूण दाखवणारी पट्टी तिथे आहे. ब्रेकर ऑन करायला लागणारी स्प्रिंग ताणून तयार आहे, एवढाच तिचा अर्थ. तेव्हा 'ब्रेकर चार्ज्ड' असं लिहिलं तर स्प्रिंग ताणली की बसबारला (पॅनेलमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीला) वीज आली, हे वाचणाऱ्याने ठरवायचं कसं? लाइन, बसबार, ट्रान्सफॉर्मर, कॉइल यांना 'एनर्जाइझ' लिहा. बॅटरी, कपॅसिटर, स्प्रिंग यांना 'चार्ज'. उपकरण परदेशी कंपनीचं असेल आणि ईमेल त्यांच्या सर्व्हिस विभागाला जाणार असेल, तर हे कटाक्षाने पाळा.

'इलेक्ट्रिफाय'शीही गल्लत होते. ते संपूर्ण योजनेसाठी वापरतात: खांब, तारा, सबस्टेशन, सगळं उभारून गाव किंवा रेल्वेमार्ग विजेवर आणणं. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं, ते 'इलेक्ट्रिफिकेशन'. त्यातल्या एकेका भागाच्या ओव्हरहेड तारेत पहिल्यांदा 25,000 व्होल्ट सोडले, तो प्रसंग 'एनर्जाइझ'चा. सरकारी कागदांत 'पंपसेट्स एनर्जाइझ्ड' असा रकाना दिसतो, तिथेही शेतीपंपाला वीजजोडणी मिळाली इतकाच अर्थ असतो. विहिरीला पाणी आहे का, पंप रोज किती तास चालतो, हे त्या आकड्यात नसतं. असा आकडा मराठीत आणताना 'इतके पंप सुरू झाले' असं लिहिणारे बातमीदार चुकतात. 'इतक्या पंपांना वीजजोडणी मिळाली' हेच बरोबर.

ट्रान्सफॉर्मरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ते काम तुमच्यासमोर उभं आहे. एचटी (उच्च दाबाच्या) बाजूचा ब्रेकर ऑन केला, एलटी (कमी दाबाची) बाजू उघडी आहे, अशा स्थितीत ट्रान्सफॉर्मर 'एनर्जाइझ्ड ऑन नो लोड' असतो. एलटीचा ब्रेकर ऑन करून कारखान्याचा भार दिला की तो 'लोडेड'. या दोन घटनांच्या वेळा लॉगमध्ये वेगळ्या लिहा. एनर्जाइझ करण्याच्या क्षणी कोअरमध्ये जो मॅग्नेटायझिंग इनरश (चुंबकत्व तयार होतानाचा क्षणिक मोठा करंट) येतो, तो पूर्ण लोड करंटच्या आठ ते बारा पटींपर्यंत जाऊ शकतो आणि थोड्या वेळात ओसरतो. संरक्षणाची सेटिंग्ज त्याचा विचार करून लावलेली नसतील, तर ब्रेकर पहिल्याच क्षणी ट्रिप होतो आणि सगळे घाबरून ट्रान्सफॉर्मरमध्ये दोष शोधू लागतात. तेव्हा 'ट्रिप्ड ऑन एनर्जायझेशन' की 'ट्रिप्ड ऑन लोडिंग', हे दोन शब्द तपासाची दिशा ठरवतात. पहिल्यात इनरश, रिलेचं सेटिंग आणि ट्रान्सफॉर्मरच्या आतला दोष अशी तिन्ही बाजूंनी तपासणी करावी लागते. ट्रिप झाला म्हणून लगेच पुन्हा ऑन करून बघायचं नाही. आधी कोणता रिले चालला ते फ्लॅगवर (रिलेवरच्या खुणेवर) बघायचं आणि बुकोल्झ रिले (तेलाच्या ट्रान्सफॉर्मरमधला गॅस ओळखणारा) असेल तर त्यात गॅस जमला आहे का ते तपासायचं. नो लोडवर काही तास ठेवून आवाज, तेलाचं तापमान, एलटीचं व्होल्टेज आणि फेज क्रम बघण्याची पद्धत आहे. लोड त्यानंतर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही विद्युत निरीक्षकाच्या मंजुरीची अट 'एनर्जायझेशन'च्या आधीची आहे. म्हणजे लोड द्यायचा नाही, नुसतं नो लोडवर ऑन करून बघायचं आहे, तरी मंजुरीचा प्रश्न त्याच क्षणापाशी येतो.

सगळ्यांत जास्त जपून वापरायचा शब्द म्हणजे 'डी-एनर्जाइझ्ड'. त्याचा अर्थ सप्लाय काढला, इतकाच. 'सेफ टु टच' असा अर्थ त्यातून कधीही काढू नका. पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर सप्लाय काढल्यावरही चार्ज धरून असतात. व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, आतल्या डीसी बसचंही तसंच. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचंच. डीजी सेट (डिझेल जनरेटर), सोलर किंवा कुणीतरी जोडलेला इन्व्हर्टर एलटी बाजूने उलटा सप्लाय देऊ शकतो, आणि ट्रान्सफॉर्मर तो वर चढवून बंद समजल्या जाणाऱ्या एचटी लाइनवर हजारो व्होल्ट आणतो. शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल तर बंद तारेत इंडक्शनने व्होल्टेज येतं. म्हणून क्रम असा: स्विच ऑफ करून डी-एनर्जाइझ, मग आयसोलेटर उघडून डोळ्यांनी फट दिसेल असा आयसोलेट, मग कुलूप आणि टॅग. त्यानंतर टेस्टर आधी चालू जागी लावून चालतो याची खात्री करायची, मग कामाच्या जागी तिन्ही फेजवर लावायचा, आणि पुन्हा चालू जागी लावून तो मधेच बिघडला नाही हे बघायचं. शेवटी डिस्चार्ज करून अर्थिंग, आणि परमिट हातात आल्यावरच काम. लॉगमध्येही 'डी-एनर्जाइझ्ड, आयसोलेटेड, टेस्टेड डेड, अर्थ्ड' हे चार शब्द वेळेसह वेगवेगळे लिहा. पहिला एकच शब्द लिहून बाकीचे गृहीत धरले, तर पुढचा माणूस तेच गृहीत धरून तारेला हात लावेल.

आता माणसांकडे येऊ. 'आय एनर्जाइझ्ड आफ्टर टी' चूक आहे, कारण या क्रियापदाला कर्म लागतं: कुणाला ऊर्जा दिली ते सांगावं लागतं. 'मला तरतरी आली' या मराठी वाक्यात आपण स्वतःला कर्ता करत नाही, तरतरी आपल्याकडे येते. इंग्रजीत तेच सांगायचं तर 'आय फेल्ट एनर्जाइझ्ड आफ्टर टी' किंवा 'द टी एनर्जाइझ्ड मी'. खरं तर चहासाठी 'रिफ्रेश' जास्त स्वाभाविक आहे. तांत्रिक इंग्रजीत मात्र एक सवलत आहे: 'व्हेन द रिले एनर्जाइझेस' असं कर्माशिवाय लिहिलेलं मॅन्युअलमध्ये सर्रास सापडतं आणि ते ग्राह्य आहे. ती सवलत माणसाला लागू होत नाही.

'एनर्जाइझिंग' आणि 'एनर्जाइझ्ड' यांतही आपली मुलं फसतात. ऊर्जा देणारी गोष्ट एनर्जाइझिंग, ऊर्जा मिळालेला माणूस एनर्जाइझ्ड. 'अॅन एनर्जाइझिंग वॉक', पण 'आय ॲम एनर्जाइझ्ड'. मुलाखतीत 'आय ॲम अ व्हेरी एनर्जाइझ्ड पर्सन' असं सांगितलं तर ते खटकतं, कारण एनर्जाइझ्ड ही कशामुळे तरी आलेली, तात्पुरती स्थिती आहे. स्वभावाने उत्साही माणसाला 'एनर्जेटिक' म्हणतात. कारण सांगताना 'बाय' येतं: 'द टीम वॉज एनर्जाइझ्ड बाय द विन'. आणि 'पॉवर्ड बाय डिझेल' म्हणजे डिझेलवर चालणारं. तिथे 'एनर्जाइझ्ड बाय डिझेल' कोणी लिहीत नाही.

जवळच्या शब्दांपैकी 'मोटिव्हेट'मध्ये कारण किंवा ध्येय दिलं जातं, नुसती ऊर्जा नाही. 'गॅल्व्हनाइझ' म्हणजे धक्का देऊन कामाला लावणं. बोलोन्याच्या लुइजी गाल्वानींच्या नावावरून हा शब्द आला, आणि जीआय पाइपवरचा जस्ताचा थरही त्याच नावाने ओळखला जातो. भाषण ऐकून सभा नुसती उल्हसित झाली तर 'एनर्जाइझ्ड', उठून मोर्चाला निघाली तर 'गॅल्व्हनाइझ्ड'. म्हणजे माणसांच्या बाबतीतही मोटरसारखंच आहे: एनर्जाइझमध्ये ऊर्जा पोचते, पुढचं काम होईलच असं ते सांगत नाही.

एका शब्दापासून मात्र दूर राहा: 'एनर्व्हेट'. कानाला तो एनर्जीचा भाऊ वाटतो, पण अर्थ नेमका उलटा आहे, शक्ती काढून घेणं, गळून जायला लावणं. मे महिन्यातल्या विदर्भातल्या दुपारला 'एनर्व्हेटिंग' म्हणता येईल. व्यवस्थापनाच्या भाषणाचं कौतुक करताना तो शब्द वापरलात तर अर्थाचा अनर्थ होईल.

स्पेलिंगचं उत्तर सोपं आहे. झेड अमेरिकेत, एस ब्रिटनमध्ये जास्त. भारतीय नियमांत आणि सरकारी कागदांत बहुधा एस दिसतो. दोन्ही शुद्ध आहेत, पण एका दस्तऐवजात एकच ठेवा. कारखान्याची ड्रॉइंग झेडने असतील तर लॉगही झेडने लिहा, म्हणजे संगणकावर शोधताना नोंद सापडते. 'सुपरवाइज', 'रिव्हाइज', 'ॲडव्हर्टाइज', 'एक्सरसाइज' यांना मात्र नेहमी एसच. उच्चार दोन्ही स्पेलिंगना एकच आणि जोर पहिल्या अक्षरावर. मधला ज 'जीव'मधला काढा. 'जा' किंवा 'जागा'मधला ज काढला तर इंग्रजी कानाला शब्द वेगळाच लागतो.

राहिली तुमची सूचना. शासकीय परिभाषेत 'विद्युतभारित करणे' असा प्रयोग चालतो आणि अर्थाने तो बरोबर आहे, पण माल चढवणाऱ्या हमालाला किंवा कँटीनच्या पोऱ्याला तो चटकन उमगणार नाही. 'वीजप्रवाह सुरू होईल' हे समजायला सोपं, तरी त्यात एक धोका आहे: प्रवाह नसला, नो लोड असला, तरी दाब असतो आणि तो जीव घेतो. 'ऊर्जित' तर टाळाच. आपल्याकडे 'जिवंत तार' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रापासून शेतापर्यंत सगळ्यांना कळतो. त्याचाच आधार घ्या. रेल्वे नवी ओव्हरहेड तार एनर्जाइझ करण्याआधी जाहीर सूचना देते, तिची रचनाही अनुकरण करण्यासारखी आहे: अमुक तारखेपासून तार कायम जिवंत समजावी, असं ती बजावते. आज वीज आहे की नाही, हा अंदाज ती माणसावर सोडत नाही.

तुमच्यासाठी मसुदा असा:

'नवीन ट्रान्सफॉर्मर व त्याला जोडणाऱ्या सर्व केबलमध्ये दिनांक ____ रोजी सकाळी ____ वाजता प्रथमच उच्च दाबाची वीज सोडण्यात येणार आहे. त्या वेळेपासून ट्रान्सफॉर्मर, केबल व पॅनेल चोवीस तास जिवंत आहेत असे समजावे. यंत्रे बंद असली, दिवे लागलेले नसले, तरीही वीज असेल. कुंपणाच्या आत परवानगीशिवाय जाऊ नये. कुंपणाला टेकून शिडी, पाइप, सळया ठेवू नयेत. काम असल्यास विद्युत विभागाकडून लेखी परमिट घ्यावे.'

व्होल्टेजचा आकडा टाका, 11 केव्ही की 22 केव्ही ते तुमच्या जोडणीप्रमाणे, आणि कवटीचं धोकाचिन्ह ठळक छापा. कारखान्यात हिंदी बोलणारे कामगार असतील तर तेच हिंदीतही लावा. सूचना आदल्या दिवशी न लावता काही दिवस आधी लावा, आणि प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

लॉगबुकातली लाल गोल केलेली ओळ मात्र आजच दुरुस्त करा. मोटरला सप्लाय कधी आला, ती कधी सुरू झाली, लोडवर तिन्ही फेजना किती ॲम्पिअर दाखवले, आणि नेमप्लेटवर किती आहेत, या चार गोष्टी लिहिल्यात की 'वर्किंग ओके'ची गरज राहत नाही.